उभ्या गाडीचा उन्हाळा

बडोदा, मे महिना

प्रति,
हलोल, साणंद, हांसलपूर आणि चाकण इथे इलेक्ट्रिक मोटारी घडवणारे अभियंते,
तसेच या मोटारींची चाचणी घेऊन त्यांना रस्त्यावर येऊ देणारे तपासनीस यांस,



तुमच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात बॅटरी किती युनिटांची, एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल, छताची काच केवढी, स्पीकर किती, हे सगळे असते. बडोद्यात मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीतली बॅटरी किती तापते, हे मात्र कुठेच नसते. शोरूममध्ये विचारले तर उत्तर मिळते, “बॅटरीला इन्सुलेशन आहे, लिक्विड कूलिंग आहे, निश्चिंत राहा.” सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तर “बेन, गरमी छे ने!” एवढ्यावर बोळवण होते. ही उत्तरे देणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलेच नाही. ज्यांना सांगता येईल ते तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्णतेचे वहन हा विषय शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये या गावात कलाभवन काढले ते यंत्रविद्या सामान्य घरातल्या मुलांच्या हाती यावी म्हणून. विजेच्या उपकरणांची तपासणी करणारी ‘एर्डा’ ही संस्था 1974 पासून इथेच मकरपुऱ्यात आहे. हलोलचा मोटार कारखाना इथून तासाभराच्या अंतरावर आहे. इतके सगळे हाकेच्या अंतरावर असताना गाडी विकत घेणाऱ्याला एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळू नये, हे मला मनापासून खटकते.

आधी इन्सुलेशनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे आणि तो दूर करण्याची तसदी तुमच्यापैकी कुणी घेतलेली नाही. इन्सुलेशन काहीही थंड करत नाही. ते उष्णतेची ये-जा मंद करते, बस्स. भुशात ठेवलेली बर्फाची लादी दिवसभर टिकते ती आत बर्फ असतो म्हणून; त्याच भुशात तापलेली वीट पुरली तर ती रात्रभर तापलेली राहील. तेव्हा ‘बॅटरीला इन्सुलेशन आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. त्या आवरणाच्या आत काय आहे, थंडावा की उष्णता, आणि थंडावा असेल तर तो कोण आणि कधी निर्माण करतो, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

मी एक ढोबळ हिशेब करून पाहिला. तुमच्याकडे नेमके आकडे आहेत, माझ्याकडे पाठ्यपुस्तकातली सूत्रे. साधारण 40 युनिटांची बॅटरी घेऊ. तिचे वजन 300 किलोच्या घरात धरले, तर तिचे तापमान 1 अंशाने वाढायला सुमारे 300 किलोज्यूल उष्णता लागते. बाहेरून आवरण नसेल तर अशी बॅटरी अडीच-तीन तासांत बाहेरच्या हवेच्या तापमानाकडे बरीचशी सरकते. भोवती 10 मिलिमीटर जाडीचा चांगला फोम लावला तर हाच काळ आठ-साडेआठ तासांवर जातो. आता सकाळी नऊला 25 अंशांची बॅटरी घेऊन गाडी कामाच्या जागी उन्हात लावली आणि भोवतालचे तापमान दिवसभर 42 धरले, तर संध्याकाळी पाचला आवरण नसलेली बॅटरी 41 अंशांवर असेल आणि आवरण असलेली 35 अंशांवर. हा सहा अंशांचा फरक मोलाचा आहे.

पण याच गाडीची रात्र पाहा. अहमदाबादहून एक्स्प्रेसवेने भरधाव येऊन, वाटेत फास्ट चार्जिंग करून माणूस रात्री नऊला घरी पोचला. बॅटरी 45 अंशांवर आहे, बाहेरची हवा 30 अंशांवर. गाडी बंद केली की बहुतेक गाड्यांतले कूलंटचे पंपही बंद होतात. पहाटे पाचला आवरण नसलेली बॅटरी 31 अंशांच्या आसपास येईल. आवरणातली अजून 36 अंशांवर असेल. दिवसा ज्या फोमने वाचवले, त्याच फोमने रात्री उष्णता कोंडून ठेवली. फोम तोच आणि गाडीही तीच. पंप चालू राहिला की नाही, एवढ्यावर सगळे अवलंबून आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही धावणाऱ्या गाडीचा विचार करता, उभ्या गाडीचा करत नाही. बहुतेक मोटारी दिवसातले बावीस-तेवीस तास उभ्याच असतात. लिथियमचा सेल वापरला नाही तरी झिजतो. त्याच्या ऋण टोकावर रसायनांचा एक पातळ थर सतत जाड होत जातो, त्यात लिथियम अडकून पडते आणि साठवणक्षमता कायमची घटते. तापमानाच्या दर 10 अंशांच्या वाढीला ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. त्यातून बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर झीज आणखी वाढते. म्हणजे रात्री 100 टक्के चार्ज केलेली गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडखाली उभी करणे हा तिला म्हातारी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि बडोद्यातल्या नोकरदाराची दिनचर्या नेमकी तशीच आहे. मे महिन्यात इथे दिवसा चाळिशी पार होते, रात्री पारा 27-28 च्या खाली क्वचितच जातो. सरासरी 34-35 अंश पडते. ज्या गाडीत बॅटरीला थंड करणारी यंत्रणाच नाही, तिला कितीही जाड गोधडीत गुंडाळा, तिच्या बॅटरीचे सरासरी तापमान याच्या खाली येऊ शकत नाही.

हे आधी दुसरीकडे घडून गेलेले आहे. निसानची लीफ अमेरिकेत 2010 च्या डिसेंबरात विकायला आली. तिच्या बॅटरीला ना पंखा होता ना पाणी. बंद पेटी, आजूबाजूची हवा तेवढी. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या मालकांना दोनेक उन्हाळ्यांतच डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या 12 पट्ट्यांपैकी काही गळताना दिसू लागल्या. 2012 मध्ये ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेले आणि कंपनीला हमी द्यावी लागली की पाच वर्षे किंवा 60,000 मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. पुढे 2015 च्या मॉडेलमध्ये उष्णता जास्त सोसणारे रसायन आले. लीफ वाईट गाडी नव्हती. थंड गावांत तिने उत्तम काम केले. ती वाळवंटात विकताना कुणी वाळवंटाचा हिशेब मांडला नाही, एवढेच. मालकांच्या डोळ्यांसमोर निदान त्या पट्ट्या तरी होत्या. तुमच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे आरोग्य दाखवणारी तेवढीही खूण नाही.

‘लिक्विड कूल्ड’ या शब्दांबद्दलही बोलायला हवे. बॅटरीखालच्या पट्टीतून कूलंट फिरतो हे ठीक, पण तो कूलंट स्वतः कुठे थंड होतो? पुढच्या रेडिएटरमध्ये होत असेल तर 43 अंशांच्या हवेत तो 43 च्या खाली जाणार नाही. एसीच्या गॅसवर चालणारा चिलर असेल तरच बॅटरी हवेपेक्षा थंड राहू शकते. या दोन यंत्रणांत आमच्या हवामानात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोन्ही तुमच्या कागदावर एकाच नावाने छापल्या जातात. चिलर आहे की नाही, असल्यास तो किती अंशांना सुरू होतो आणि चार्जिंगला लावलेल्या बंद गाडीतही चालतो का, या तीन गोष्टी माहितीपत्रकात छापा. एवढ्यासाठी नवे संशोधन लागत नाही.

फास्ट चार्जिंगमध्ये तर उष्णता आतच तयार होते. 30 युनिटे भरताना त्यातली 4 टक्के उष्णतेत गेली असे धरले तर सव्वा युनिटाच्या आसपास उष्णता बॅटरीत जन्मते. काढून घेतली नाही तर ती माझ्या हिशेबातल्या बॅटरीला 14 अंशांनी तापवेल. उन्हात तापलेल्या बॅटरीवर हे 14 अंश चढणार म्हटल्यावर सॉफ्टवेअर चार्जिंगचा वेग कमी करते. ते योग्यच करते. पण पडद्यावर कारण दिसत नाही. चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलेले, गाडी घेते 20, आणि मे महिन्यात हायवेवर तासभर ताटकळणारे कुटुंब चार्जरवाल्याशी भांडते. मी हे भांडण पाहिले आहे. “बॅटरी 47 अंशांवर आहे, म्हणून चार्जिंग मंद आहे,” एवढी एक ओळ पडद्यावर आली असती तर ते झाले नसते.

खालून येणाऱ्या उष्णतेकडे वळते. दुपारचा डांबरी रस्ता सहज 60 अंशांच्या पुढे जातो आणि बॅटरी त्याच्या तोंडावर वीतभर उंचीवर असते. उभी गाडी आपल्याच सावलीने खालचा रस्ता थोडा निववते. धावणाऱ्या गाडीखाली मात्र प्रत्येक क्षणी नवा, पूर्ण तापलेला रस्ता येतो. 60 अंशांचा रस्ता आणि 40 अंशांची पेटी यांच्यात दर चौरस मीटरला दीडशे वॅटपर्यंत उष्णता केवळ प्रारणाने वर जाऊ शकते. पेटीचा तळ चकचकीत ॲल्युमिनियमचा उघडा असेल तर ती बरीचशी परत फिरते. काळा असेल तर जवळजवळ सगळी शोषली जाते. आता आमच्या इथे गाडी घेतली की ताबा देतानाच ‘अंडरबॉडी कोटिंग’ गळ्यात मारतात. तो काळा, रबरासारखा लेप पेट्रोलच्या गाडीला गंजापासून वाचवायला होता. तो बॅटरीच्या तळाला फासावा की नाही, हे मी एका विक्रेत्याला विचारले तेव्हा “सगळेच करून घेतात” असे उत्तर आले. बाजारात चंदेरी फॉइलची चटईही मिळते. ती तळाला चिकटवून देणारे आहेत. पेटीतून दाब सोडायची झडप त्याखाली झाकली गेली तर काय होईल, याचा विचार चिकटवणारा करणार नाही. तो तुम्ही करायला हवा. आपल्या पेटीवर काय लावले तर चालेल आणि काय लावले तर वॉरंटी जाईल, हे चित्रासह, गुजराती-मराठी-हिंदीत, प्रत्येक विक्रेत्याच्या भिंतीवर लावा.

आणि पाणी. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून पुष्कळ वर चढली आणि निम्मे बडोदे पाण्यात गेले. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. बॅटरीची पेटी पाणी आत येऊ देत नाही, हे मान्य. पण पेटीच्या बाहेर आणि खालच्या संरक्षक पत्र्याच्या आत जो फोम किंवा फेल्ट असतो, तो भिजला तर काय? कोरड्या फोमचा गुण त्यातल्या अडकलेल्या हवेत असतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता वाहते. भिजलेले आवरण उष्णता अडवत तर नाहीच, वर गढूळ पाणी धातूला महिनोन्महिने चिकटवून ठेवते. पुरानंतर गाडी धुवून, सुकवून, “चालू आहे” म्हणून परत मिळते. तो थर काढून पाहिला का, बदलला का, हे बिलावर कुठे दिसत नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोमच वापरा, आणि पुरात गेलेल्या गाडीचे आवरण तपासणे हे सर्व्हिसच्या यादीत सक्तीचे करा.

पेटीच्या आतल्या इन्सुलेशनबद्दल मी थोडेच लिहिते, कारण तिथे तुम्ही खरोखर चांगले काम केले आहे. 2022 च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर केंद्राने एआयएस-156 आणि एआयएस-038 हे नियम कडक केले. एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू नये म्हणून मध्ये अभ्रकाचे, एरोजेलचे पातळ पडदे आले. ते हवेतच. मात्र हे पडदे रोजची उष्णताही आडवी पसरू देत नाहीत. मग ती सगळी तळाच्या थंड पट्टीतूनच काढावी लागते, आणि ती पट्टी दुबळी असेल तर मधले सेल कडेच्या सेलांपेक्षा तापलेले राहतात. पॅकची ताकद सगळ्यात थकलेल्या सेलाइतकीच असते. आगीची चाचणी पास झाली म्हणजे उन्हाळ्याचीही झाली, असे कृपया समजू नका.

तपासनीस मंडळी, हे तुम्हालाही आहे. सध्याच्या चाचण्या बॅटरी पेटू नये, फुटू नये यासाठी आहेत आणि पल्ला मोजण्याच्या चाचण्या सौम्य तापमानात होतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आठ तासांनी किती अंशांवर गेली आणि रात्री किती खाली आली, हे कुठलीच सक्तीची चाचणी ग्राहकाला सांगत नाही. 2006 पासून एसीवर वीजबचतीचे तारे येऊ लागले आणि आज खेड्यातला माणूसही तारे पाहून एसी घेतो. 2023 मध्ये भारत एनकॅप सुरू झाले, गाडी किती सुरक्षित हे ताऱ्यांत कळू लागले. तसाच एक उन्हाळी शेरा बॅटरीसाठी असावा. 45 अंशांच्या खोलीत, वरून उन्हाइतक्या तापवणाऱ्या दिव्यांखाली आणि खालून 60 अंशांच्या तळावर गाडी आठ तास उभी करा, मग 30 अंशांत रात्रभर. दोन आकडे छापा, संध्याकाळचा आणि पहाटेचा. पुण्यात मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आहे, मकरपुऱ्यात एर्डा आहे. अशी चाचणी बसवणे या देशाला अवघड नाही.

अभियंत्यांना माझी शेवटची विनंती सगळ्यात स्वस्त आहे. रात्रभर गाडी चार्जरला लावलेली असते. पहाटे, चार्जिंग संपता संपता, त्याच विजेवर चिलर चालवून बॅटरी 35 वरून 25 अंशांवर आणायला माझ्या हिशेबाने अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. पाच रुपयांच्या आतबाहेरचा खर्च. त्यानंतर जे इन्सुलेशन आहे ते खऱ्या अर्थाने कामाला येईल, कारण आता आत राखण्यासारखा थंडावा असेल. वर काढलेला सहा अंशांचा फरक तेव्हाच हाती लागतो. ज्या गाड्यांत चिलर आधीच बसवलेला आहे तिथे हे काम पुष्कळसे सॉफ्टवेअरचे आहे. तुम्ही दर काही महिन्यांनी पडद्यावरचे रंग बदलणारे अपडेट पाठवता. एक अपडेट उन्हाळ्यासाठी पाठवा: गाडी निघण्याची वेळ विचारा, त्याआधी बॅटरी थंड करा, दिवसभर उन्हात राहणार असेल तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायला सुचवा, रात्री तापलेली गाडी घरी आली तर पंप आणखी तासभर चालू ठेवा.

आठ वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी तुम्ही देता, काही कंपन्या तर पहिल्या मालकाला आयुष्यभराची देतात, हे मी जाणते. पण दुसरा मालकही याच गावात गाडी चालवणार आहे. मध्यमवर्गीय घरात इलेक्ट्रिक गाडी बहुधा जुनीच येईल, आणि तिने किती उन्हाळे कसे काढले हे त्या घराला कुणीतरी सांगायला हवे. बॅटरीने 40 अंशांच्या वर किती तास काढले, याची नोंद गाडीत साठते ना? मग ती खरेदीदाराला एका कागदावर छापून मिळू द्या. गाडी विकणाऱ्याचे थोडे नुकसान होईल. उन्हापासून जपणाऱ्याचा मात्र फायदा होईल, आणि सावलीत गाडी लावण्याला पहिल्यांदा रोख किंमत येईल.

या पत्रातला कुठला आकडा चुकीचा वाटला तर तुमच्या मोजणीचा आकडा जाहीर करा. मी माझा हिशेब त्यावरून पुन्हा मांडीन. उत्तर पुढच्या होळीच्या आत मिळाले तर बरे. त्यानंतर इथे ऊन तापू लागते.



आपली,
बडोद्यातली एक निवृत्त शिक्षिका आणि इलेक्ट्रिक गाडीची मालकीण